भूत टेंडरात बसलंय



भुताच्या सिनेमावर लिहितोय म्हणून नाक मुरडू नका. आपल्यातलेच काही म्हणतील, एवढी कामं पडलीत आणि हा गडी भुताखेतात रमलाय. काही म्हणतील, बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, आपण भूत मानत नाही, मग ही भानगड कशाला? बरोबर आहे. मी पण मानत नाही. पण भूत नसतं हे कळलं म्हणजे भुताची गोष्ट कोण सांगतो, कुणाला सांगतो आणि त्यातून त्याचं काय साधतं हा प्रश्न मिटत नाही. गावात भूत कुठं असायचं? ओढ्याच्या पल्याड, मसणवट्यात, म्हणजे आमच्याच वस्तीच्या अंगाला. पाटलाच्या माडीवर हडळ बसल्याचं कधी ऐकलंय का कुणी? ज्याच्याजवळ जायचं नाही त्याच्या दाराशी भूत बसवून द्यायचं, ही जुनी रीत आहे. सिनेमावाल्यांनी ती शोधून काढली नाही, नुसती उचलली.

तर सिनेमाचं नाव 'सेशन नाईन'. अमेरिकेतला, २००१ सालचा. दिग्दर्शक ब्रॅड अँडरसन. पटकथा त्याची आणि स्टीफन गेवेडनची. खर्च सुमारे १५ लाख डॉलर, म्हणजे हॉलीवूडच्या हिशोबात चहापाण्याचे पैसे. सेट उभारला नाही. बंद पडलेलं एक खरंखुरं वेड्यांचं इस्पितळ घेतलं आणि त्यात पाच कामगार सोडले. मी तो मोबाईलवर पाहिला, खालच्या इंग्रजी ओळी वाचत. माझं इंग्रजी दहावीपुरतं. जिथं अडलं तिथं मागं नेऊन पुन्हा पाहिला. आणि माझं मत असं झालंय की वेड्यांच्या इस्पितळावर जेवढे भयपट मला माहीत आहेत त्यांत हा एकटा खऱ्या भुताच्या अगदी जवळ जातो, त्याच्या दंडाला हात लावतो आणि ऐनवेळी घाबरून सोडून देतो. ते भूत कोणतं आणि ते का सोडलं, एवढंच मला सांगायचंय.

आधी या धंद्याचं थोडं मूळ बघू.

वेडे बघायला पैसे मोजणं ही सिनेमाच्या फार आधीची गोष्ट. लंडनमध्ये बेथलेम नावाचं इस्पितळ होतं. 'बेडलम' हा शब्द त्यातूनच निघाला. अठराव्या शतकात तिथं सभ्य लोक करमणुकीला जायचे. दाराशी पैसे टाकायचे, आत जाऊन साखळीतली माणसं बघायची, हसायचं, घरी येऊन जेवायचं. १७७० साली ही मोकळी ये-जा बंद केली गेली. म्हणजे या भयपटाचं तिकीट आधी फाटलं, कॅमेरा नंतर आला. १९४६ साली आरकेओ कंपनीनं याच जागेवर 'बेडलम' नावाचा सिनेमा काढला. निर्माता व्हॅल ल्यूटन. हा माणूस थोडक्या पैशात भयपट काढण्यात हुशार. त्यात बोरिस कार्लोफ हा इस्पितळाचा मुख्य अधिकारी झालाय आणि सगळी भीती त्याची आहे. वेडे त्याच्यावर खटला चालवतात. बघा, कोण कुणाला कोर्टात उभं करतं ते!

पुढं हे कुणाला झेपलं नाही. पुढच्या सिनेमांत पेशंटच राक्षस झाला. तोंड वाकडं, डोळे काळे, अंगात गाऊन, अंधारातून धावत येणार. २०११ सालचा 'ग्रेव्ह एन्काउंटर्स' घ्या. कॅनडातल्या रिव्हरव्ह्यू या खऱ्या इस्पितळात जाऊन काढला. टीव्हीवाले भूत शोधायला रात्रभर आत कोंडून घेतात आणि जे भिंतीतून निघतात ते पेशंट. त्यात डॉक्टरही वाईट दाखवलाय, पण अंगावर येतं तोंड पेशंटाचं. ज्या माणसाला आयुष्यभर डांबलं, मेल्यावर त्यालाच पोराबाळांना भिववायच्या कामाला लावलं. बिनपगारी.

आपल्याकडे रामसे बंधू झाले. १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे', १९८४ साली 'पुराना मंदिर'. थोडका पैसा, रबराचा मुखवटा, धूर आणि गच्च भरलेली थिएटरं. पिटातल्या माणसानं त्यांना जगवलं, मी त्यांना हसणार नाही. पण 'पुराना मंदिर'मधला सामरी बघा. काळा, उंच, आडदांड. राजा त्याचं मुंडकं उडवतो, धड एकीकडे, मुंडकं दुसरीकडे ठेवतो. मरताना तो शाप देतो आणि राजाच्या वंशातल्या बायका बाळंतपणात मरू लागतात. सगळ्या सिनेमाला काळजी कसली, तर राजाच्या वंशाची. सामरी दुष्ट आहे, सिनेमानं तसा दाखवलाय, ठीक. पण जन्माला आला तो कुठं, त्याला मायबाप होते का, हे कुणी विचारत नाही. राक्षसाला गाव नसतं. राजाला सात पिढ्या असतात.

'सेशन नाईन'मध्ये रबरी राक्षस नाही. म्हणून काही जण म्हणतात, यात जनावरच नाही, हा नुसता डोक्याचा खेळ आहे. मी म्हणतो, यात जनावर आहे. पहिल्या रिळापासून आहे. फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

ही पाच माणसं त्या इस्पितळात जातात कशाला? भूत बघायला नाही. फोटो काढायला नाही. अ‍ॅस्बेस्टॉस काढायला. जुन्या इमारतींत पाइपांना, बॉयलरला, छताला, फरशीला अ‍ॅस्बेस्टॉस लावायचे. आग लागत नाही, गरम होत नाही, स्वस्त पडतं. दगडातून निघणारा तो एक तंतू आहे. फोडला, खरवडला की त्याची इतकी बारीक कुसळं होतात की डोळ्याला दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत. श्वासातून आत गेली की फुप्फुसात रुततात. शरीराला ती मोडता येत नाहीत, विरघळवता येत नाहीत. आज आत गेलेलं कुसळ वीस, तीस, चाळीस वर्षांनी उठतं. फुप्फुस दगडासारखं होतं, किंवा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होतो. आता सांगा, यापेक्षा मोठा राक्षस कुठल्या रामसेला सुचला असता? आवाज नाही, सावली नाही, माणसाच्या आत शिरून चाळीस वर्षं दबा धरून बसतो.

आणि हा राक्षस काढायचं काम कसं असतं तेही ऐका. आधी खोली प्लॅस्टिकनं बंद करायची. आतली हवा मशीननं ओढून गाळणीतून बाहेर सोडायची, म्हणजे धूळ फटीतून उडणार नाही. माल पाण्यानं भिजवायचा. तोंडाला गाळणीचा मुखवटा, अंगाला बंद पोशाख. काढलेला माल दुहेरी पिशवीत. बाहेर येताना आंघोळ. यातलं एकेक पाऊल म्हणजे वेळ. वेळ म्हणजे पैसा. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगायला नको.

आता सिनेमाची सुरुवात आठवा. गॉर्डन हा छोटा ठेकेदार. पीटर मुलन या स्कॉटिश नटानं तो असा उभा केलाय की डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा खरी वाटतात. घरात तान्हं मूल, धंदा बसलेला, झोप नाही. नगरपालिकेला त्या इमारतीत कचेरी करायचीय. दोन-तीन आठवड्यांचं काम आहे हे त्याच्या जोडीदाराला कळतं, त्याला स्वतःलाही कळतं. आणि हा म्हणतो, एका आठवड्यात करून देतो. वर दहा हजार डॉलर बक्षिशी ठरते. काम मिळतं.

थांबा इथं. भयपट इथंच घडलेला आहे. अजून अंधार पडलेला नाही, टेप वाजलेली नाही, खुर्ची हललेली नाही. भर उन्हात, कागदावर, तीन आठवडे एका आठवड्यात कोंबले गेले. जे दोन आठवडे गेले ते कुठून काढणार? मघाशी सांगितलेली पावलं पुन्हा मोजा. भिजवायचा वेळ कापणार. आंघोळीचा वेळ कापणार. मुखवट्याची गाळणी बदलायचा वेळ कापणार. आणि उरलेला वेळ माणसाच्या झोपेतून काढणार. टेंडरात जो आकडा सगळ्यात कमी असतो, तो कुणाच्या तरी अंगातून काढलेला असतो.

आमच्या गोदीत हे रोजचं आहे. कंटेनरचा माल न्हावाशेव्याला जायला लागून पस्तीस वर्षं होऊन गेली. आमच्या वाट्याला सुटा माल राहिला. माझ्या टोळीला एकदा धुळीचा माल होता. गोणी फाटली की पीठ उडावं तसं उडायचं. कागदावर त्या मालाला दोन पाळ्या जास्त लागणार होत्या. मुकादमानं येऊन सांगितलं, जहाज उद्या सुटतंय, रात्रीतच खाली करा. मुखवटे? येतायत म्हणाला. ते अजून येतायत. आम्ही रुमाल बांधले. मुकादमाला विचारलं तर तो म्हणतो, मला ठेकेदारानं सांगितलं. ठेकेदार म्हणतो, मला वरून रेट कमी मिळाला. वर कोण आहे ते खालून दिसत नाही. जहाजाच्या तळात उभं राहून वर बघितलं की चौकोनी आभाळ दिसतं फक्त. गोणीत काय होतं ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून गॉर्डन मला परका वाटत नाही. तो मालक आहे, पण मालकांच्या उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं. त्याच्यावर नगरपालिका, त्याच्याखाली चार कामगार. फिल हा जोडीदार. माईक, वकिलीचं शिक्षण सोडून आलेला. हँक, जुगाराची हाव असलेला. आणि जेफ, गॉर्डनचा पुतण्या, नवशिका पोरगा, अंधाराला भिणारा. अशा पोराला अशा जागी कामाला का आणलं? कारण स्वस्त पडतो. प्रत्येक टोळीत असा एक जेफ असतो. त्याला सगळे हसतात आणि अंधारी जागा त्यालाच मिळते.

आता जागेबद्दल. हे इस्पितळ खरं होतं. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं डॅनव्हर्स. १६९२ साली चेटूक केलं म्हणून १९ माणसांना फासावर लटकवलं, त्यात बहुतेक बायका. ते प्रकरण जिथं पेटलं तो सेलम व्हिलेज म्हणजे आजचं डॅनव्हर्स गाव. इस्पितळाच्या टेकडीचं नाव हॅथॉर्न हिल. त्या खटल्यांतल्या एका न्यायाधीशाचं आडनावही तेच, जॉन हॅथॉर्न. १८७८ साली इस्पितळ उघडलं. बांधायला सुमारे १५ लाख डॉलर लागले. गंमत बघा, सव्वाशे वर्षांनी त्याच्यावर सिनेमा काढायलाही तेवढेच लागले.

बांधणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हेही सांगायला पाहिजे. थॉमस किर्कब्राइड नावाचा डॉक्टर होता. त्याचं म्हणणं, इमारतच औषधासारखी असली पाहिजे. दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांनी मागं जाणारे पंख, म्हणजे प्रत्येक खोलीला उजेड आणि वारा. बाहेर बाग, शेती. डॅनव्हर्स बांधलं ते सुमारे ५०० पेशंटांसाठी. १९३०-४०च्या काळात तिथं दोन हजारांच्या वर माणसं कोंबली होती. पंख तेच, खिडक्या त्याच, माणसं चौपट. मग कसला उजेड आणि कसला वारा? माणसं वाढली त्या मानानं पैसा आणि नोकर वाढवले नाहीत. मग पट्टे आले, कोंडायच्या खोल्या आल्या, मेंदूत सुया घालायची शस्त्रक्रिया आली. पाचशेंच्या जागेत दोन हजार हाही हिशोबच. तीन आठवडे एका आठवड्यात कोंबणं आणि दोन हजार माणसं पाचशेंच्या जागेत कोंबणं, दोन्हींचं अक्षर एकाच हाताचं.

मेलेल्यांचं काय? इस्पितळाच्या कबरस्तानात सातशेंहून जास्त माणसं पुरली. दगडावर नाव नाही. नंबर. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या जुन्या पेशंटांनीच एकत्र येऊन कागद धुंडाळले आणि नंबरांची नावं शोधायला घेतली. ही गोष्ट मला सगळ्या सिनेमापेक्षा मोठी वाटते. भयपटवाले कॅमेरे घेऊन भूत शोधत फिरत होते आणि ज्यांना वेडं ठरवलं होतं ते माणसं शोधत होते.

सिनेमा त्या नंबरांच्या दगडांपाशी जातो. तेवढं श्रेय देतो. कामगारांचे चेहरे, जेवणाच्या सुट्टीतली भांडणं, एकमेकांवरचा संशय, सगळं खरं. त्या काळात नव्यानं आलेल्या सोनीच्या डिजिटल कॅमेऱ्यानं तो टिपला. तशा पहिल्या काही सिनेमांपैकी हा एक. त्यामुळे उजेड खोटा वाटत नाही, आपल्या जेवणाच्या डब्यावर पडतो तसाच पडतो. इथपर्यंत मी सिनेमाच्या बाजूनं आहे.

पण पुढं काय होतं? माईकला जुन्या टेपा सापडतात. मेरी हॉब्ज नावाच्या पेशंटच्या नऊ बैठका. डॉक्टर विचारतोय, तिच्या आत कोण कोण राहतं? एक लहान मुलगी बोलते, एक मुलगा बोलतो, आणि नवव्या बैठकीत सायमन. सायमननंच तिच्याकडून घरच्यांना मारवलं. इकडे शेवटी उघड होतं की गॉर्डननं बायको मारली, तान्ही पोर मारली, आता साथीदारांना मारतोय. आणि सायमनचा आवाज सांगतो की तो दुबळ्या आणि घायाळ माणसांत वस्ती करतो. दिवे लागले, घरी चला.

इथं माझं भांडण आहे. गॉर्डन दुबळा का झाला? घायाळ कशानं झाला? सिनेमानं आपल्याला आधी दाखवलेलं आहे! आठवडा, बक्षीस, तान्हं मूल, बसलेला धंदा. सगळा पुरावा पडद्यावर ठेवला आणि निकाल देताना म्हणतो, आरोपी अदृश्य आहे. म्हणजे नगरपालिका सुटली. टेंडर सुटलं. ज्यानं तीन आठवड्यांचं काम एका आठवड्यात होईल हे गपगुमान मान्य केलं तो साहेब सुटला. आणि बदनाम कोण झालं? मेरी हॉब्ज. एक पेशंट, जी कधीची मेलीय. वेड तिच्यातून निघून कामगाराला चिकटलं, जणू खरूज. वेडा माणूस म्हणजे खुनी, हे शिक्कामोर्तब पुन्हा एकदा झालं. खरं काय आहे? मनाच्या आजारातली बहुतेक माणसं कुणाला मारत नाहीत. मार खाणारे मात्र त्यांच्यात ढिगानं सापडतील.

कुणी म्हणेल, अरे, कलाकृतीनं सगळं उघड सांगायचं नसतं. दिग्दर्शकानं तुला सौदा दाखवला ना, पुढचं तू समज. मी समजलोच. पण आठ तास गोणी उचललेला माणूस हे समजला आणि तुमचे समीक्षक 'मानवी मनातला अंधार' एवढंच लिहून थांबले, तर दोष कुणाचा? मानवी मन म्हटलं की सगळे सारखेच गुन्हेगार. ठेकेदाराचंही मन, जेफचंही मन. च्यायला, जेफकडे तर बोलायला दोन वाक्यं धड नाहीत.

आणि वेड्यांना कोण मारतं म्हणाल तर एक तारीख सांगतो. 'सेशन नाईन' अमेरिकेत १० ऑगस्ट २००१ला लागला. त्याच्या चार दिवस आधी, ६ ऑगस्ट २००१ला, तामिळनाडूत एरवाडीला एका खाजगी 'मानसिक आश्रमाला' पहाटे आग लागली. गवती छपराची झोपडी. आतले मनोरुग्ण साखळीनं बांधलेले. २८ माणसं जळून मेली. पळता आलं नाही, कारण पायात बेडी. त्यात कुठला सायमन नव्हता, कुठला आवाज नव्हता. एका माणसामागं किती पैसे मिळतात आणि राखायला किती माणसं लागतात, त्यापेक्षा साखळी स्वस्त पडते, हा हिशोब होता. पुढं सुप्रीम कोर्टानं दखल घेतली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला बंदी केली. पण एरवाडीवर भयपट निघाला नाही. निघणार कसा? त्यात राक्षसाला मुखवटा घालायची सोय नाही.

मग डॅनव्हर्सचं काय झालं? इस्पितळ १९९२ सालीच बंद पडलं होतं. २००५ साली जागा विकली. २००६च्या जानेवारीत पाडायला घेतली. मधल्या इमारतीची दर्शनी भिंत ठेवली आणि मागं भाड्याचे फ्लॅट उठवले. गिरणगावातल्या वाचकाला हे समजावायला नको. आपल्याकडे चिमणी ठेवतात, तिकडे दर्शनी भिंत ठेवली.

त्याच जानेवारीत आणखी एक गोष्ट चालली होती. फ्रान्सच्या नौदलाचं 'क्लेमांसो' नावाचं जुनं विमानवाहू जहाज फोडायला आपल्या देशाकडे निघालं होतं, गुजरातेतल्या अलंगच्या किनाऱ्यावर. पोटात टनावारी अ‍ॅस्बेस्टॉस. तिथं काढायला प्लॅस्टिकच्या खोल्या, गाळण्या, आंघोळी. इथं काढायला आपली पोरं, उघड्या हातांनी. बोंब झाली, कोर्टकज्जे झाले आणि १५ फेब्रुवारी २००६ला फ्रान्सला ते परत बोलवावं लागलं. शेवटी ते इंग्लंडात हार्टलपूलला फोडलं. एक जहाज परत गेलं. बाकीची किती आली? आपल्या दारूखान्यात वर्षानुवर्षं जहाजं फुटली, त्यांच्या पाइपांवर काय गुंडाळलेलं होतं ते फोडणाऱ्याला कुणी सांगितलं?

म्हणून म्हणतो, 'सेशन नाईन' अमेरिकेचा असला तरी त्यातलं जनावर आपल्या डोक्यावर झोपलेलं आहे. डोक्यावर म्हणजे खरंच डोक्यावर. झोपडपट्टीतला सिमेंटचा पत्रा बघा. त्यात बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ६०हून जास्त देशांनी त्याला बंदी केलीय. अमेरिकेनंही २०२४ साली अजून वापरात असलेल्या जातीवर बंदी जाहीर केली. आपल्याकडे परदेशातून आणून त्याचे पत्रे करायला मोकळीक आहे. नवा धड पत्रा गप असतो. भोक पाडा, कापा, फोडा, मग तो जागा होतो. आणि भोकं पाडतो कोण? आपणच, पावसाळ्याच्या तोंडाला, बिनमुखवट्याचे.

१९९५ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद ४० वर्षं जपली पाहिजे. ४० वर्षं का, ते आता तुम्हाला कळलं असेल. कारण राक्षस तेवढा वेळ दबा धरतो. पण ठेक्याच्या कामगाराची चार महिन्यांपूर्वीची हजेरी सापडत नाही, तिथं ४० वर्षांची नोंद कोण ठेवणार? हजेरीत नाव नाही म्हणजे तो तिथं कधी नव्हताच. मग तो खोकतो कशानं? दारूनं, बिडीनं, नशिबानं. डॅनव्हर्सच्या दगडावर निदान नंबर तरी होता.

गावाकडे कुणाच्या अंगात आलं की भगत बोलावतात. भगत झिंज्या धरतो आणि ओरडतो, कोण हायेस तू? नाव सांग! टेपवरचा डॉक्टर सूटबूट घालून तेच विचारतो. दोघंही विचारतात आजाऱ्यालाच, आणि आजारी जे नाव सांगतो ते लिहून घेतात. सायमन. मुंजा. म्हसोबा. महाराष्ट्रात २०१३च्या कायद्यानं भूत उतरवायच्या नावाखाली मारणं-बांधणं गुन्हा ठरलं, चांगलं झालं. पण नाव विचारायची रीत आपण टाकायची नाही. ती फक्त वळवायची. आजाऱ्याच्या झिंज्या सोडायच्या आणि कागदाची कॉलर धरायची.

यापुढं असला सिनेमा बघाल तेव्हा दचकायच्या आधी मोजा. काम किती दिवसांचं होतं आणि किती दिवसांत करायला लावलं? जागा किती माणसांची होती आणि किती कोंबली? मुखवटा कुणाला मिळाला आणि रुमाल कुणाला? मेल्यावर दगडावर नाव कुणाचं आलं आणि नंबर कुणाचा? हीच चार मोजमापं सकाळी धक्क्यावर, गटारावर, बांधकामावर, जिथं तुमची टोळी उभी राहते तिथं घेऊन जा. मुकादम म्हणाला रात्रीतच उरका, तर त्याला सगळ्यांसमोर विचारा, गोणीत काय आहे, कागद दाखव. हजेरीच्या वहीत नाव पुरं लिहायला लावा, बापाच्या नावासकट, आणि तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तो फोटो ४० वर्षं जपा.